मिरामारची त्रिविध शर्यत



आपल्या ह्या सुवर्णमहोत्सवांत माझ्या शर्यतींचा वृत्तांत मीं सांगावा, अशी आज्ञा झाली. ती शिरसावंद्य आहे. गोव्यास मिरामारच्या किनाऱ्यावर ही त्रिविध शर्यत २०१९ सालीं प्रथम भरली. तींत १.९ किलोमीटर समुद्रांत पोहावें, ९० किलोमीटर सायकल हांकावी आणि लागलीच २१.१ किलोमीटर धांवावें. हें सर्व साडेआठ तासांचे आंत!

२०२३ सालीं मी वसईहून निघालों. सायकल सुटी करून पेटींत भरली व आगगाडीनें करमळीस उतरलों. समुद्राचें भय नव्हतें. आमचे आजोबा मच्छीमार. (ते हौसेखातर कधीं पोहले नाहींत, ही गोष्ट निराळी.) परंतु ऑक्टोबरच्या उन्हांत सायकलीवर मी पाणी फार थोडें प्यालों. धांवतांना पोटऱ्यांत गोळे आले, आणि मुदत टळून बारा मिनिटें झाल्यावर मी पोहोंचलों. पदक मिळालें नाहीं.

मग वर्षभर भर दुपारीं मीठसाखरेचें पाणी पीत धांवण्याचा सराव केला. शेजारी हंसत. २०२४ सालीं नऊ मिनिटें शिल्लक असतां मीं रेषा ओलांडली. घरीं आईनें पदक हातीं घेतलें, आणि ती पेटी आतां कोठें ठेवणार, हेंच प्रथम विचारिलें.