काचेचं भांडं घेताना
(रौप्यमहोत्सवी वर्षात महिला मंडळाच्या कार्यक्रमात, सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



महिला मंडळाने बोलायला बोलावलं तेव्हा मला वाटलं, मुदत ठेवी, नॉमिनेशन, मृत्युपत्र असलं काहीतरी हवं असणार. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं कोण काय विचारणार? पण मंडळाच्या ताई म्हणाल्या, "काका, तुम्ही कोजागिरीला केक आणता ना, त्या काचेच्या डिशबद्दल सांगा. आमच्याकडे दोन फुटल्या." निवृत्तीनंतर मी बेकिंग शिकलो हे खरं आहे. पण काचेचा अभ्यास मी काही हौसेने केला नाही. त्यामागे एक प्रसंग आहे, तो आधी सांगतो.

चार वर्षांपूर्वी आमच्या नातीचा वाढदिवस होता. रव्याचा केक मी भिजवला होता आणि डिशही मीच आणलेली. दिवाळीत मिक्सरवर मोफत मिळालेली, आयताकृती, चांगली जाड. संध्याकाळी पाहुणे यायच्या आत ओट्यावर सांडलेला रवा, मैदा मी ओल्या फडक्याने पुसून घेतला. आपल्याला टापटीप लागते ना! तेवढ्यात ओव्हनची घंटा वाजली. सूनबाईंनी डिश बाहेर काढून ओट्यावर ठेवली. एक-दोन क्षण काही झालं नाही. मग लवंगी फटाका वाजावा तसा आवाज झाला आणि काचेचे बारीक बारीक तुकडे फ्रिजखालीसुद्धा गेले. सूनबाईंच्या पायाला एक तुकडा लागला, रक्त आलं. नात दारातच उभी होती, सुदैवाने तिला काही झालं नाही.

आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "जरा हळू ठेवायला काय झालं होतं?" पाहुण्यांसमोर. सूनबाई काही बोलल्या नाहीत. पायाला पट्टी लावली, खाली जाऊन बेकरीतून केक घेऊन आल्या.

रात्री त्या डिशचं खोकं मी माळ्यावरून काढलं. आत एक घडी घातलेला कागद होता, तो मी कधी उघडलाच नव्हता. त्यावर बारीक अक्षरात छापलेलं, "गरम भांडे ओल्या किंवा थंड पृष्ठभागावर ठेवू नये." आपला ओटा ग्रॅनाइटचा, आधीच गार, आणि ओला केलेला मी. छत्तीस वर्षं कर्जाच्या फायली तपासताना मी लोकांना सांगत आलो की सही करण्याआधी बारीक अक्षर वाचा. तो कागद मी पुन्हा घडी करून खोक्यात ठेवला आणि घरात कोणाला काही सांगितलं नाही. सूनबाई आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी हळूच ठेवली होती. चूक माझी होती.

असो. आता मुद्द्यावर येतो.

काच तापली की फुगते, निवली की आकसते. डिशचा तळ ओल्या ओट्याला टेकला की तो झटकन आकसायला लागतो, पण वरचा भाग अजून गरम असतो, तो त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत काच तडकते. ही ओढाताण किती होणार हे काचेच्या जातीवर ठरतं. खिडकीची, बरणीची काच म्हणजे सोडा-लाइम. तीस सेंटिमीटर लांबीची डिश दीडशे अंशांनी तापवली तर सोडा-लाइम साधारण ०.४ मिलिमीटर वाढते आणि बोरोसिलिकेट ०.१५ मिलिमीटर. आकडे क्षुल्लक वाटतात, पण तडकणं आणि न तडकणं यातला फरक तेवढाच आहे. बोरोसिलिकेटमध्ये वाळूबरोबर बोरॉन असतो. क्लब हाउसमध्ये कॅरमवर बोरिक पावडर टाकतो ना, तिच्यातला बोरॉन तो हाच.

ही काच जर्मनीत ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केली, प्रयोगशाळेसाठी. ती स्वयंपाकघरात आली अमेरिकेत, आणि ती गोष्ट मला फार आवडते. कॉर्निंग कंपनीत रेल्वेच्या सिग्नल दिव्यांसाठी अशी काच बनत असे. दिवा आतून तापलेला, बाहेरून पाऊस नाहीतर बर्फ पडला की साधी काच तडकायची. म्हणजे आमच्या ओट्याचीच गोष्ट! तिथल्या जेसी लिटलटन या शास्त्रज्ञांच्या पत्नी बेसी यांचं भाजायचं भांडं फुटलं. यांनी कारखान्यातून बॅटरीच्या काचेच्या बरण्यांचे कापलेले तळ घरी आणले आणि बाईंनी त्यात स्पंज केक केला. हे १९१३ साल. १९१५ मध्ये 'पायरेक्स' बाजारात आलं. आपल्याकडे १९६२ मध्ये कॉर्निंगच्या सहकार्याने बोरोसिल सुरू झाली. आपल्या पिढीने ते नाव आधी शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीवर वाचलं, घरात ते नंतर आलं.

आता गंमत बघा. आपण कुठल्याही काचेच्या भांड्याला 'बोरोसिल' म्हणून टाकतो. डिशवर 'ओव्हन सेफ' लिहिलेलं असलं म्हणजे ती बोरोसिलिकेट असतेच असं नाही. सोडा-लाइमलाच विशिष्ट रीतीने तापवून, झटकन गार करून कणखर करतात, तिला टेम्पर्ड म्हणतात. ती हातातून पडली तर बोरोसिलिकेटपेक्षा जास्त तग धरते, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. पण गरम-गारचा झटका तिला कमी सोसतो, आणि फुटली की तिचे एकदम बारीक तुकडे होतात. आमची तशीच होती. मुलांनी परदेशातून आणलेल्या भांड्यांचंही तेच आहे. अमेरिकेत बनणारं घरगुती पायरेक्स बरीच वर्षं टेम्पर्ड सोडा-लाइमचं आहे, युरोपातलं बोरोसिलिकेटचं. नाव एक, काच वेगळी. म्हणून खोक्यावर 'बोरोसिलिकेट' हा शब्द स्पष्ट छापलेला शोधा. दुकानदार म्हणाला, "काका, सेमच आहे," तर हसून खोकं परत ठेवा.

घरात आहे ती काच कोणती, हे बघायची एक युक्ती आहे. कडेने आडवी धरून पाहिली तर सोडा-लाइमची कड बहुधा हिरवट दिसते. पण त्यावर फार भरवसा नको. दुसरी युक्ती जास्त मजेची. बोरोसिलिकेट काच आणि सूर्यफुलाचं तेल यांतून प्रकाश जवळजवळ सारखाच वाकतो, त्यामुळे तेलात बुडलेली काच दिसेनाशी होते. मी मोठ्या काचेच्या बरणीत तेल ओतलं आणि कपकेकची छोटी वाटी अर्धी बुडवली. वरची अर्धी दिसत होती, खालची गायब! नातीने टाळ्या वाजवल्या. सौ. नी विचारलं, एवढ्या तेलाचं आता काय करायचं? चकल्या झाल्या.

खरेदीला जाताना टेप घेऊन जा, हे माझं आग्रहाचं सांगणं. आधी ओव्हन आतून मोजा. डिशला दोन्ही बाजूंना कान असतात, ते आपण धरत नाही आणि घरी आल्यावर दार लागत नाही. कान मात्र हवेतच, जाड फडक्यासकट नीट पकडता येतील एवढे. माझ्यासारखी बोटं दुखत असतील तर फार मोठी डिश घेऊ नका, दोन लिटरची डिश रिकामीच किलोभर भरते. प्लास्टिकचं झाकण फ्रिजपुरतं, ते ओव्हनमध्ये जात नाही. आणि तळ बोटाने चाचपून बघा, कपचा किंवा ओरखडा असेल तर दहा टक्के सवलतीतही नको.

वापरताना, बोरोसिलिकेट असली तरी ओल्या ओट्यावर नको. लाकडी पाट किंवा कोरडं, घडी घातलेलं फडकं ठेवा. ओलं फडकं धरायलाही नको, हातही भाजतो. फ्रीजरमधली डिश थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नको, गरम डिशमध्ये गार पाणी नको, गॅसच्या ज्योतीवर तर अजिबात नको. भाज्या भाजायच्या असतील तर तळाला आधीच थोडं पाणी घाला, नाहीतर कोरड्या तापलेल्या काचेवर भाजीचं पाणी सुटतं आणि तोच झटका बसतो. काच उशिरा तापते आणि उशिरा निवते. त्यामुळे केकला पत्र्याच्या टिनपेक्षा पंधराएक अंश कमी ठेवा, नाहीतर कडा करपतात आणि मधे कच्चं राहतं. तारेची घासणी बंद करा, तिने पडलेल्या ओरखड्यातूनच पुढे तडा जातो. एकावर एक ठेवताना मधे वर्तमानपत्र घाला. ओरखडा दिसला की ती डिश कोशिंबिरीला वापरायची. आमच्याकडे अशा दोन आहेत, ओव्हनमधून निवृत्त. पेन्शन नाही एवढंच.

मागच्या टेबलावर रव्याचा केक ठेवला आहे. भिजवला मी, भाजला सूनबाईंनी, डिशही त्यांनीच जाऊन, कागद वाचून आणलेली. कापायला लाकडी सुरी ठेवली आहे, कृपया स्टीलची लावू नका. आणि डिश आमची आहे, ती घरी परत जायची आहे.