दारे-खिडक्यांच्या कामातील प्रमाणपत्रे : कोणते कशाची साक्ष देते?

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, शिष्यवृत्ती, विवाहातील खर्च अशा विषयांवर बोलण्याचा आपला प्रघात आहे. दारे-खिडक्या हा विषय जाहीर होताच सभागृहात जे स्मित उमटले, ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही. परंतु गेल्या काही वर्षांत मुंबई-ठाण्यातील आपल्या अनेक कुटुंबांच्या जुन्या इमारती पुनर्विकासास गेल्या, पुण्या-नाशकाकडे मुलांनी नवी घरे घेतली, आणि सागवानी खिडक्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा यूपीव्हीसीच्या सरकत्या खिडक्या आल्या. या कामी एकेका कुटुंबाचे लाख-दीड लाख रुपये सहज खर्ची पडतात. सोने घेताना हॉलमार्क न्याहाळून पाहणारी माणसे खिडकीवाल्याने पुढे केलेला रंगीत कागद न वाचताच इसार मोजून मोकळी होतात. यास्तव हा विषय आपणांपुढे मांडावा असे आम्हांस वाटले.

पूर्वी गावात चौकट घडविणारा आणि ती भिंतीत बसविणारा मनुष्य एकच असे. त्याने दहा घरांना लावलेली दारे गल्लीतून जाता-येता सर्वांच्या दृष्टीस पडत. उंबरठा कुजला, झडप लोंबली, तर त्याचा बोभाटा आठवडी बाजारापर्यंत होई. तीच त्याची सनद होती. आज तसे राहिलेले नाही. प्रोफाइल एका कारखान्यातून येते, काच दुसऱ्या, ती काच तापवून कठीण करण्याचे काम तिसऱ्या ठिकाणी होते, जुळणी फॅब्रिकेटर करतो, आणि प्रत्यक्ष भिंतीत बसविण्यास त्याने रोजंदारीवर आणलेली दोन मुले येतात. एका खिडकीस पाच हात लागतात. आणि आपणांस दाखविण्यात येणारे प्रत्येक प्रमाणपत्र या पाचांपैकी बहुधा एकाच हाताविषयी बोलत असते. कोणता कागद कोणत्या हाताची साक्ष देतो, एवढे समजले की अर्धे काम झाले.

प्रथम आपल्या चांगल्या परिचयाच्या आय.एस.आय. छापाकडे वळू. १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली, १९५२ साली प्रमाणचिन्हांचा कायदा झाला, आणि १९८७ पासून हे कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आले. हा छाप वस्तूचा आहे, माणसाचा नव्हे. खऱ्या छापाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे उत्पादकाचा परवाना क्रमांक. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तो क्रमांक घातला की परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूसाठी आणि चालू आहे की संपला, हे तत्काळ समजते. आपल्या घरातील नातवंडे हे काम दोन मिनिटांत करून देतील.

काचेच्या बाबतीत हा छाप फार मोलाचा आहे. इमारतीतील सुरक्षा-काचेचे मानक आय.एस. २५५३ हे होय. कठीण केलेली काच फुटली तर तिचे धारदार तुकडे न होता बारीक खडे होतात, म्हणून गच्चीच्या दारास आणि जमिनीपर्यंत येणाऱ्या खिडकीस तीच हवी. अशी काच एकदा तयार झाली की पुढे कापता येत नाही. यास्तव प्रत्येक तावदानाच्या कोपऱ्यात पुसता न येणारी खूण असावयास पाहिजे. कारागीर आपल्या डोळ्यांदेखत काच कापून बसवीत असेल, तर ती कठीण काच नव्हे, हे पक्के समजावे. लाकडी फ्लश दारासाठी आय.एस. २२०२ हा क्रमांक आहे. तो दाराच्या कडेवर शोधावा. मात्र “आमची खिडकी आय.एस.आय. आहे” असे कोणी म्हणाले, तर खिडकीतील काय, हा प्रश्न अवश्य विचारावा. अ‍ॅल्युमिनियमच्या दारे-खिडक्यांसाठी आय.एस. १९४८ हे मानक आहे खरे, तथापि मापानुसार गाळ्यात जुळविलेल्या खिडकीवर असा छाप सहसा आढळत नाही. छाप असतो तो काचेवर, नाहीतर फार तर प्रोफाइलवर.

दुसरा कागद म्हणजे भिंतीवर चौकटीत लावलेले आय.एस.ओ. ९००१ चे प्रमाणपत्र. हे मालाच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हेच. त्या संस्थेचा कारभार ठरलेल्या पद्धतीने चालतो, नोंदी ठेवल्या जातात, तक्रारींचा मागोवा घेतला जातो, इतकेच ते सांगते. शिवाय आय.एस.ओ. ही जागतिक संघटना स्वतः कोणास प्रमाणपत्र देत नाही. ते काम निराळ्या प्रमाणन-संस्था करतात. यांतील काही संस्थांस मान्यता असते, काही केवळ पैसे घेऊन कागद छापून देतात. आपल्या देशात अशी मान्यता देणारे मंडळ एनएबीसीबी या नावाने ओळखले जाते; त्याची मुद्रा कागदावर आहे काय, पत्ता याच गाळ्याचा आहे काय आणि तीन वर्षांची मुदत उलटून तर गेली नाही ना, हे पाहावे. कामाची व्याप्ती सांगणारी ओळही वाचावी. तेथे ‘काचेची विक्री’ असे असेल, तर खिडक्या बसविण्याशी त्या कागदाचा यत्किंचित संबंध नाही.

उद्यम नोंदणीचा कागद आणि जी.एस.टी. क्रमांक यांविषयी थोडक्यात सांगू. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य असून ती उद्योजकाच्या स्वतःच्या निवेदनावर होते. जी.एस.टी. क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा. महाराष्ट्राचा असेल तर आरंभी २७. दोन्हींवरून व्यवसाय अस्तित्वात आहे एवढे कळते, काम चांगले होते हे नव्हे. तरी जी.एस.टी. बिलाचा आग्रह सोडू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये आयोगापुढे जाण्याची वेळ आली, तर त्या बिलाइतका उपयोगी कागद दुसरा नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते.

आता ‘अधिकृत फॅब्रिकेटर’ या प्रमाणपत्राकडे येऊ. येथे फसगत अधिक होते. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबास दहा वर्षांचे हमीपत्र मिळाले होते. पहिल्याच पावसाळ्यात खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी येऊन नवी गादी भिजली. प्रोफाइल कंपनी म्हणाली, आमची हमी रंग उडण्याबद्दल. फॅब्रिकेटर म्हणाला, जुळणीत दोष नाही, पाणी भिंतीच्या सांध्यातून येते. सांधा भरणारा मुलगा तोवर गावी निघून गेला होता. कोणीही खोटे बोलत नव्हते, हे विशेष! जो सांधा गळत होता, त्याची हमी कोणत्याच कागदावर नव्हती.

मंडळींनो, खरा प्रश्न येथेच आहे. धातूच्या दारे-खिडक्या भिंतीत कशा बसवाव्यात व त्यांत काच कशी भरावी, याची संहिता आपल्या देशात १९६० सालीच आय.एस. १०८१ या क्रमांकाने निघाली. परंतु त्या संहितेप्रमाणे काम करणारा कारागीर कोण, याची सर्वत्र मान्य अशी नोंदवही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ एप्रिल २००२ पासून जुन्या खिडक्या बदलण्याचे कामही इमारत-नियमांच्या कक्षेत आले. तेथे एकतर स्थानिक प्राधिकरणाची तपासणी करून घ्यावी लागते, नाहीतर फेन्सा, सर्टास यांसारख्या योजनेत नोंदलेल्या व्यावसायिकाकडून काम करवून घ्यावे लागते. काम झाल्यावर घरमालकास प्रमाणपत्र मिळते, आणि पुढे घर विकताना खरेदीदाराचा वकील ते मागतो. लंडनकडे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांनी तो कागद जपून ठेवावा. अर्थात तेथेही ते प्रमाणपत्र नियमपालनाचे आहे, सुबकतेचे नव्हे.

आपल्याकडे ही उणीव ग्राहकानेच लेखी कराराने भरून काढावयाची आहे. कोटेशनमध्ये बसविण्याच्या कामाची हमी निराळी लिहून घ्यावी, आणि ‘सांध्यातून वा ट्रॅकमधून पाणी आल्यास’ हे शब्द त्यात असू द्यावेत. खालच्या ट्रॅकला पाणी जाण्याची भोके आहेत आणि ती सिलिकॉनने बुजलेली नाहीत, हे स्वतः पाहावे. बाहेरून पाण्याचा फवारा मारून दाखविल्यावाचून शेवटचा हप्ता देऊ नये. उंच मजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा : काचेची व प्रोफाइलची जाडी कोणी व कोणत्या हिशेबाने ठरविली? वाऱ्याच्या भाराच्या मानकात, म्हणजे आय.एस. ८७५ च्या तिसऱ्या भागात, पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, मुंबईसाठी ४४. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे मुंबईत तो सुमारे सव्वापट होतो. पुण्याच्या दुसऱ्या मजल्यावर निभावलेली खिडकी दादरच्या विसाव्या मजल्यावर निभावेलच असे नाही. मे २०२१ मधील तौक्ते वादळ मुंबईकरांच्या स्मरणात असेलच.

नव्या इमारतीत बिल्डरने दिलेल्या खिडक्या गळत असतील, तर त्या घाईने काढून टाकू नयेत. रेरा कायद्याच्या कलम १४ अन्वये ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कारागिरीतील वा मालातील दोष दाखवून दिल्यास, बिल्डरने तो तीस दिवसांच्या आत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. आपण स्वखर्चाने नवीन खिडकी बसविली, की तिच्याबद्दल त्यास जाब विचारणे कठीण होते.

आता थोडे नाजूक बोलतो. आपल्या ज्ञातीत लाकूडकामाचा आणि फॅब्रिकेशनचा व्यवसाय करणारी घराणी थोडी नाहीत. त्यांपैकी कित्येक मंडळी समोर बसली आहेत, आणि त्यांच्या हातचे उत्तम काम आम्ही पाहिलेले आहे. तथापि “आपलाच माणूस आहे, कागद कशाला?” हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. त्याचा परिणाम असा होतो की काम बिघडले तर तक्रारही करता येत नाही, लग्नकार्यात समोरासमोर येणे अवघड होते, आणि दोन घराण्यांचा अबोला वर्षानुवर्षे चालतो. लेखी कोटेशन मागणे हा अविश्वास नव्हे. चोख काम करणाऱ्यास त्याने संरक्षणच मिळते. या व्यवसायातील तरुणांनीही वडिलांच्या नावावर विसंबून न राहता आय.टी.आय.मधील सुतारकामाचा अभ्यासक्रम पुरा करावा, आणि आय.एस. १०८१ ची प्रत गाळ्यात ठेवून ती ग्राहकास दाखवावी, असे आम्हांस वाटते.

या दृष्टीने कार्यकारी मंडळापुढे आमची एक सूचना आहे. कार्यालयात एक नोंदवही ठेवावी. तीत ज्या सभासदांनी दारे-खिडक्यांचे काम करून घेतले, त्यांनी कारागिराचे नाव, बिलाची तारीख, काचेवरील परवाना क्रमांक आणि दोन पावसाळे उलटल्यावर पाणी आले की नाही, एवढेच लिहावे. शिफारस वा निंदा लिहू नये. कारागीर ज्ञातीतील असो वा बाहेरचा, रकाने तेच असावेत. पहिल्या नोंदीसाठी आमच्या घरच्या बिलाची प्रत आम्ही आज चिटणिसांकडे देत आहोत. तिचा दुसरा पावसाळा येत्या आश्विनात पुरा होईल.