शिवीचा मुलूख
(शेळगाव येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



शिवीवर बोलणार म्हटल्यावर मागची पोरं हसली. हसा. बामणी व्याकरणात शिवीला जागा नाही, पण आपल्या वस्तीत दिवस तिच्यावरच उजाडतो.

मी शिकायला होस्टेलवर गेलो. पहिल्याच रात्री खोलीतला कोल्हापूरचा गडी म्हणाला, "काय रांडच्या, जेवलास का?" मी त्याची गचांडीच धरली. आपल्याकडं हा शब्द थेट आईवर जातो, त्यावरून काठ्या निघतात. तो बिचारा गांगरला. त्यांच्याकडं दोस्त दोस्ताला अशीच हाक मारतो. उलट 'अहो-जाहो' सुरू झालं की समजायचं, काहीतरी बिनसलंय. दुसरा होता नागपूरचा. "कुठी चालला बे?" पुण्याच्या पोरांना तो 'बे' अंगावर आल्यासारखा वाटायचा, त्याला तो आपल्या 'रे'सारखा. मालवणी पोरगा तर बस चुकली तरी 'आवशीचो घोव' म्हणायचा. आता आईचा नवरा म्हणजे बापच की! तरी ती शिवी.

लांब कशाला, नीरा ओलांडून लोणंदच्या बाजूला जा. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बाया मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात. वाद्यं वाजतात, बघायला गर्दी लोटते. त्याला 'बोरीचा बार' म्हणतात. त्यावरून कुणी कुणाचं डोकं फोडत नाही. कारण दिवस ठरलेला, जागा ठरलेली आणि मुख्य म्हणजे जी शिवी देते, तीच पुढच्या क्षणाला खाते.

हे सगळं खरं आहे, म्हणूनच ते आपल्या तोंडावर मारलं जातं.

माझ्या चुलत्याला सत्तराव्या वर्षी भर चौकात हाक आली, "ए म्हारड्या!" आम्ही एका ठाण्यात गेलो. तिथला अंमलदार म्हणाला, "अहो, इकडची बोलीच तशी आहे. मनावर कशाला घेता?" मी विचारलं, साहेब, हीच बोली वाड्यावरच्या माणसाला 'राव' लावते आणि आम्हाला 'ड्या'. बोली सगळ्यांची असेल तर तिला जात कशी कळते? तो गप्प बसला. तक्रारही तशीच पडली.

'रांडच्या' परत करता येतं, 'बे' परत करता येतो. 'म्हारड्या' परत करून बघा. उद्या उसाच्या फडात काम नाही, गिरणीत दळण नाही. याच इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात १९७२ साली दलितांवर बहिष्कार पडला. बावड्याची आणि परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावची बातमी मुंबईत पोचली, पोरं पेटली आणि त्याच वर्षी पँथर उभी राहिली. त्या शब्दामागं एवढं बळ उभं असतं. ते नागपुरात वेगळं आणि कोकणात वेगळं असतं, असं कुणी दाखवून द्यावं.

शब्द जुना आहे, धंद्यावरून पडलाय, ही दुसरी पळवाट. २००८ साली स्वर्णसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टापुढं 'चमार' या शब्दाचा प्रश्न आला. कोर्टानं सांगितलं, शब्दाचं मूळ काय ते बघू नका, आज लोक तो कोणत्या अर्थानं वापरतात ते बघा. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, तेव्हा चारचौघांच्या नजरेसमोर जातीवरून शिवी देणं हा गुन्हा वेगळा लिहिला गेला. तेव्हा ठाण्यात जाताना "घाण बोलला" असं मोघम सांगू नका. शब्द जसाच्या तसा लिहा. जागा उघडी होती का, ऐकायला कोण होतं, तेही लिहा.

एक गोष्ट मला मघाशी चहाच्या वेळी इथल्या बहिणींनी सुनावली. कोल्हापूर काय, मालवण काय, इंदापूर काय, शिवी जाते बाईच्याच अंगावरून. वाड्यावरच्या माणसावर आपण चिडतो आणि शिवी बसते त्याच्या आईला, जिचं वाड्यात काही चालत नाही. माझ्या तोंडात अजून त्या शिव्या आहेत. नाही म्हणालो तर खोटं बोलल्यासारखं होईल.

पुढच्या रविवारी तक्रार कशी लिहायची ते बघू. कागद-पेन घेऊन या. चुलत्याला आणतो, त्याच्याच तक्रारीपासून सुरुवात करू.

जय भीम.