ऑनलाइन पदवी आणि आपली मुले
(शाखा सभेतील भाषण)



आज मागण्यांचा विषय बाजूला ठेवून मुलांविषयी बोलतो. मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, पण मालगाड्या आणि टपाल चालूच होते; आपण कामावर होतो. महाविद्यालये मात्र मिटली. २०२२ पर्यंत ती कधी उघडली, कधी पुन्हा बंद झाली. २०२० साली प्रवेश घेतलेल्या मुलाची निम्मी पदवी मोबाइलवर झाली.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या सुमारे २४ टक्के घरांतच इंटरनेटची सोय आढळली होती. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एक फोन आणि भावंडे तीन. मुले कॅमेरा बंद ठेवीत. डेटा वाचायचा हे एक कारण. मागे शेगडी आणि वाळत घातलेले कपडे दिसू नयेत हे दुसरे. 'हजर' असे टाइप केले की हजेरी लागे. शंका विचारणे, उलट प्रश्नाला उत्तर देणे, मित्राशी वाद घालून पुन्हा त्याच्याच डब्यात जेवणे, हे सारे राहून गेले. गटाचा प्रकल्प एकाने करायचा आणि खाली पाच नावे! परीक्षेशिवाय पदवी नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला. पण मुंबई विद्यापीठाची ती परीक्षा झाली चार पर्यायांतून एक निवडण्याची.

काही लाजाळू मुले लिहून का होईना, प्रश्न विचारू लागली, हेही खरे. पण मुलाखतीला आज तोंड उघडावे लागते. तिथे अडखळला की 'सॉफ्ट स्किल्स नाहीत' असा शेरा मिळतो. बंद होते महाविद्यालय, दोष मात्र पोराचा! आणि तेच चारचौघांत बोलणे आता क्लासवाले फी घेऊन शिकवतात.

आपण कुठे शिकलो? गँगमध्ये मेटच्या हाताखाली, सॉर्टिंगला शेजाऱ्याशी अपुऱ्या पत्त्यावरून हुज्जत घालताना, द्वारसभेत. फी कोणी घेतली नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी सूचना आहे. दर रविवारी सकाळी दोन तास शाखेचे कार्यालय या मुलामुलींना द्यावे. एकाने विषय मांडावा, दुसऱ्याने खोडावा, तिसऱ्याने इतिवृत्त लिहावे. अर्ज-मुलाखतीचा सराव निवृत्त साथींनी घ्यावा. सभा संपल्यावर नावे शाखा सचिवांकडे द्यावीत. मुलींची नावे आधी लिहा.