आधी वाकून पाहा

आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. दिंडीला शंभर वर्षं झाली, दोन शब्द बोला म्हणाले, तर आम्ही कंबरेवर बोलणार आहोत. हसू नका.

आपल्यात लहान-मोठा नाही. माळकरी पोरगा भेटला तरी आपण त्याच्या पाया पडतो, तो आपल्या. पण चार वर्षांखाली आमचा हात गुडघ्याच्या खाली जाईना. पोरं वाकायची, आम्ही नुसते हात जोडायचो. मागं बोलणं कानावर आलं, "बुवांना मोठेपण आलं." कीर्तनात नम्र व्हा सांगायचं आणि आपल्यालाच वाकता येईना! लाजेपोटी दुखणं कुणाला सांगितलं नाही. त्याच वारीत दिवे घाटात कंबर धरली. सासवडला सामानाच्या ट्रकातून गेलो.

पुढं व्यायामाने उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी परीक्षा घेतली. ती घरी करता येते. आधी पाच मिनिटं चाला. मग जमिनीवर बसून पाय लांब करा, तळवे भिंतीला टेकवा, गुडघे वर उचलू नका. हातावर हात ठेवून श्वास सोडत हळूहळू पुढं जा. हिसका नको. तीनदा करा, सगळ्यात पुढं गेलेलं धरा. बोटं भिंतीला लागली तर बरं. आमची वीतभर मागं राहिली.

मांडीच्या मागच्या शिरा बसायच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली बांधलेल्या असतात. त्या आखडल्या की खुबा पुढं कलत नाही, सगळा वाक कंबरेवर येतो. जोडीतला एक बैल अडला की दुसऱ्याची मान सोलते, तसंच.

दोष कुणाचा हे बघायला उताणं झोपा. एक पाय जमिनीला, दुसरा सरळ ठेवून वर उचला. तो जवळजवळ उभा झाला तर शिरा ठीक, कंबर ताठ असेल. अर्ध्यातच अडला तर शिरा आखडल्यात. आमचा अर्ध्यातच अडला.

मग रोज उपरणं तळव्याला अडकवून पाय वर ओढायचा, तीस आकडे मोजायचे, प्रत्येक पायाला तीनदा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. दोन महिन्यांत वीतभराचं चार बोटांवर आलं. शेजाऱ्याशी बरोबरी करू नका. ज्याचे हात लांब, त्याची बोटं आपोआप पुढं जातात. आपलं माप आपल्याच मागच्या मापाशी लावा.

एक मात्र ऐका. कळ पायात खाली उतरत असेल, मुंग्या येत असतील, पाऊल लुळं पडत असेल, तर ही परीक्षा करू नका, डॉक्टरला दाखवा. लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल आहे. निघायच्या दोन महिने आधी, चैत्रातच, भिंतीला पाय लावून बसा. दुखत असेल तर सांगा, लाजू नका. आम्ही लाजलो आणि घाट हुकला.

आता आमचा हात तुमच्या पायापर्यंत पोचतो. खाली उतरतो आणि पाया पडतो, उभे राहा.

रामकृष्ण हरी.