गुळवेल आणि डबीतल्या गोळ्या

गुळवेल नाते-महाडकडे कुंपणावरही चढलेली दिसते. कोविडच्या काळात तिचा काढा घरोघरी उकळला. जोडीला जस्ताच्या आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या आल्या. २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. वनस्पतीची ओळख पटवलेलीच नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आक्षेप रास्त, पण रानातून वेल तोडून आणणाऱ्याचीही ओळखीत चूक होऊ शकतेच.

जेवणातली हळद सहसा बाधत नाही. कॅप्सूलमधल्या हळदीच्या अर्कात मात्र बऱ्याचदा मिरीतले पायपरिन असते. त्याने कर्क्युमिनचे शोषण सुमारे २० पट वाढल्याचे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. हेच पायपरिन सोबतच्या काही औषधांचेही रक्तातले प्रमाण वाढवते. हिरड्याचे उलटे: त्यातले टॅनिन लोहाला बांधून ठेवते, म्हणून त्रिफळा चूर्ण आणि लोहाची गोळी यांत दोनेक तासांचे अंतर बरे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना लसणाचा अर्क आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल एकत्र घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी हे सारे डॉक्टरांना सांगावे लागते, काढासुद्धा.