एकट्याचें ताट



‘आहार आणि आत्मचिंतन’ या विषयावर बोलण्याचें निमंत्रण मला आलें, तेव्हां प्रथम मी थोडा संकोचलों. मी आहारशास्त्राचा पंडित नव्हे; आणि आत्मचिंतनाच्या गोष्टी अधिकारानें सांगाव्या एवढी माझी साधनाहि नाहीं. एका माध्यमिक शाळेंत ३१ वर्षें विज्ञान शिकवून मी सेवानिवृत्त झालों. स्वयंपाकघराशीं माझा संबंध पाण्याचा तांब्या भरून घेण्यापुरता होता. तरीहि हें निमंत्रण मीं स्वीकारलें, याचें कारण एवढेंच कीं, गेल्या दोन वर्षांत हा विषय मला हौसेनें नव्हे, तर गरजेपोटीं शिकावा लागला. शिकणारा विद्यार्थी जें सांगूं शकतो, तेवढेंच मी आज सांगणार आहें.

दोन वर्षांपूर्वीं माझी पत्नी वारली. तेरा दिवस झाले, आलेगेले परतले, लेकहि आपल्या संसाराला निघून गेली आणि घरांत मी एकटा उरलों. ‘एकट्याला असें काय लागतें?’ हें वाक्य त्या दिवसांत मीं इतरांच्या तोंडून ऐकलें आणि पुढें स्वतःलाहि ऐकवूं लागलों. सकाळीं चहा व बिस्किटें, दुपारीं बाहेरून आलेला डबा, तोहि वर्तमानपत्र वाचतां वाचतां संपविलेला, आणि रात्रीं पुन्हां चहा व मूठभर चिवडा, असा माझा आहार ठरून गेला. सात-आठ महिन्यांनीं दोन जिने चढतांना धाप लागूं लागली. रक्त तपासलें, तेव्हां हिमोग्लोबिन कमी आणि ब-१२ हें जीवनसत्त्वहि कमी निघालें. डॉक्टरांनीं औषध लिहून दिलें आणि सहज विचारलें, “काल रात्रीं काय जेवलांत?” उत्तर देण्यासाठीं मीं तोंड उघडलें आणि तसाच थांबलों. मला आठवेना. यांत स्मरणशक्तीचा दोष नव्हता. जें लक्ष देऊन खाल्लेंच नाहीं, तें आठवणार कोठून?

त्या संध्याकाळीं मीं स्वयंपाकघरांतील डबे प्रथमच एकेक उघडून पाहिले. फळीवर लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र’ आणि कमलाबाई ओगले यांची १९७० सालीं निघालेली ‘रुचिरा’ अशीं दोन पुस्तकें होतीं. भरल्या घराच्या स्वयंपाकाचीं तीं पुस्तकें. एका माणसाच्या भुकेचा हिशेब मलाच बसवावा लागणार होता. मटकीचा डबा अर्धा भरलेला होता. उसळ करावयाची असें मीं ठरविलें. मटकी रात्रभर भिजविली आणि सकाळीं पाणी न काढतांच झांकण घट्ट लावून दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवून दिली. झांकण उघडलें, तेव्हां मोड नव्हते. आंबूस वास मात्र घरभर झाला. बीज रुजावयास पाणी, ऊब आणि हवा या तीन गोष्टी लागतात, हें मुलांना टीपकागदावर वाटाणे रुजवून दाखविण्यांत ज्याचा जन्म गेला, तोच मी हवेला विसरलों होतों! सगळी मटकी फेंकून द्यावी लागली.

दुसऱ्या वेळीं मटकी आठ-दहा तास भिजवून नीट निथळली, ओलसर फडक्यांत तिची सैल पुरचुंडी बांधली आणि ती उबदार कोपऱ्यांत ठेविली. उन्हाळ्यांत अशा पुरचुंडीला बारा तासांत मोड येतात. थंडींत एक दिवस-रात्रहि पुरत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं फडकें सोडून पाहिलें, तों दाण्यादाण्याला पांढरा शुभ्र मोड फुटला होता. त्या क्षणीं मला झालेला आनंद सांगण्यासारखा आहे. कित्येक महिन्यांत मी उद्यांचा विचार केला नव्हता. मटकी भिजत घालावयाची म्हणजे परवांच्या दिवशीं आपण भुकेले असूं आणि जेवावयास बसूं, असें आज मान्य करावें लागतें. शोकांत बुडालेल्या माणसाला ही कबुली फार अवघड असते. आणि ती देण्याचा मटकी भिजविण्याएवढा सोपा मार्ग मला दुसरा आढळला नाहीं.

आतां या साध्या अन्नाच्या गुणांविषयीं थोडें बोलतों. शिक्षकाची जुनी खोड आहे, ती क्षम्य मानावी. कोरड्या कडधान्यांत क जीवनसत्त्व जवळजवळ नसतें. मोड येतांना तें दाण्यांत तयार होऊं लागतें. त्याच वेळीं धान्यांतील लोह व जस्त बांधून ठेवणारें फायटिक आम्ल कांहीं अंशीं कमी होतें. ज्वारी, गहूं, तांदूळ यांच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो, तर कडधान्यांत तो विपुल असतो. उलट कडधान्यांत जो मेथिओनीन उणा, तो तृणधान्यें पुरवितात. भाकरी आणि उसळ, वरण आणि भात हीं जोडपीं आपल्या पूर्वजांनीं प्रयोगशाळेवांचून जुळविलीं, पण तीं शास्त्राच्या कसोटीलाहि उतरतात. वनस्पतींतील लोह शरीरांत सहजीं शोषलें जात नाहीं; जेवणांत क जीवनसत्त्व असेल तर तें अधिक शोषलें जातें. म्हणून लिंबू फोडणींत न पिळतां ताटांत पिळावें, कारण आंचेनें त्या जीवनसत्त्वाचा नाश होतो. आणि जेवणाबरोबर चहा घेण्याची माझ्यासारखी सवय ज्यांना असेल, त्यांनीं ती सोडावी. चहांतील टॅनिन लोहाच्या वाटेंत आडवें येतें. नाचणी तर चुन्याचें कोठारच. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, म्हणजे तेवढ्याच गाईच्या दुधाच्या अडीच-तीनपट. भारताच्या पुढाकारानें संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां जगानें जें नव्यानें ऐकलें, तें कोंकणांतल्या आणि घाटावरल्या गरीब घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें.

परंतु येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वनस्पतिजन्य आहाराचें गुणगान करणारे कित्येकजण ब-१२ चा उल्लेख टाळतात. हें जीवनसत्त्व १९४८ सालीं शुद्ध स्वरूपांत वेगळें काढण्यांत आलें. तें जंतु तयार करतात. धान्य, भाजी, फळें यांतून तें भरंवशानें मिळत नाहीं. दूध-ताक घेणाऱ्याला तें थोडेंफार मिळतें. जे दूधहि वर्ज्य करतात, त्यांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें तें बाहेरून घेतलेंच पाहिजे. मी स्वतः ताक घेतों आणि गोळीहि घेतों. अन्नावर श्रद्धा असावी, पण ती डोळस असावी.

असो. आतां विषयाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळतों.

आपल्या भाषेंत ‘निवडणें’ हा एक सुरेख शब्द आहे. तांदूळ निवडणें, मेथीची जुडी निवडणें, आणि बऱ्यावाइटांतून बरें निवडणें, या साऱ्यांना शब्द एकच. मी रोज संध्याकाळीं कांहींतरी निवडावयास बसतों. त्या वेळीं ध्वनिक्षेपक बंद, भ्रमणध्वनि दुसऱ्या खोलींत. मेथीचें एकेक पान खुडतांना दिवस डोळ्यांपुढून जाऊं देतों. आज कोणाशीं बोललों? कोणावर उगाच चिडलों? आत्तां जी भूक वाटते, ती पोटाची आहे कीं निव्वळ कंटाळ्याची? उत्तरें शोधण्याचा आग्रह धरीत नाहीं. जुडी संपली कीं चिंतनहि संपलें, असा नियम केला आहे. रिकाम्या हातांनीं बसलेल्या माणसाच्या चिंतनाची चिंता व्हावयास वेळ लागत नाहीं. हात गुंतलेले असले, म्हणजे मनाला एक कांठ राहतो. मात्र ज्याचें मन खरोखरीच आजारी आहे, झोंप आणि भूक ज्याला सोडून गेलीं आहेत, त्यानें मेथी निवडीत न बसतां वैद्यकीय मदत घ्यावी, हेंहि याच ठिकाणीं सांगून ठेवतों.

आत्मचिंतनानें मनःशांति मिळते असें सर्व पुस्तकें सांगतात. माझा अनुभव थोडा निराळा आहे. मला त्यानें प्रथम दिली ती टोंचणी.

उसळ जमली, पण भाकरी मला दोन महिने दाद देत नव्हती. थापतां थापतां तिच्या कडा फाटत, तव्यावर टाकतांना तिचे तुकडे होत. शेजारच्या आजींनीं एकदां पिठाची चिमूट बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाल्या, “अहो मास्तर, या पिठाची विरी गेली आहे. ताजें दळून आणा, आणि पाणी चांगलें कढत घ्या.” गव्हांतील चिकटा ज्वारींत नसतो, कढत पाण्यानें तिच्या पिठांतील पिष्ट फुलतें आणि तेंच भाकरीला धरून ठेवतें. हें कारण मीं त्यांना समजावून सांगितलें. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें आणि परातीपुढें बसून मला भाकरी थापून दाखविली.

अखेर एका रात्रीं दोन भाकरी साधल्या. पहिली टम्म फुगली. ती ताटांत ठेवून मीं दुसरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरविलें, उलटली, जाळावर शेकली. मग उसळ वाढून घेतली, कांदा चिरला, गॅस बंद केला, ओटा पुसला आणि ताटावर बसलों. पहिली भाकरी निवून गेली होती.

घांस हातांत धरून मी बराच वेळ बसून राहिलों. आमचा संसार ३४ वर्षांचा. त्या ३४ वर्षांत माझ्या ताटांत भाकरी तव्यावरून थेट येत असे. ती जरा निवली तर मी तसें बोलूनहि दाखवीत असें. ती करणारी कधीं बसत होती आणि कसली भाकरी खात होती, हें मीं एकदांहि पाहिलें नव्हतें. तिला एक तरी ऊन भाकरी आयत्या ताटावर मिळाली असेल, अशी एकहि संध्याकाळ मला आठवेना. डॉक्टरांपुढें आठवेना, त्याहून हें न आठवणें मोठें होतें. आणि या चुकीची दुरुस्ती आतां ज्या माणसापाशीं करावयाची, तें माणूस राहिलें नव्हतें.

ही टोंचणी घेऊन काय करावयाचें, हा प्रश्न पुढें अनेक जुड्या निवडतांना माझ्यापुढें होता. तिला कुरवाळीत बसणें सोपें होतें; त्यांतहि एक प्रकारचें स्वतःचें कौतुकच असतें. उत्तर मिळालें तें दिवाळीनंतर. लेक चार दिवस माहेरीं आली होती. मीं तिला स्वयंपाकघरांत येऊं दिलें नाहीं. तिचें ताट मांडलें, मटकीची उसळ, मेथीची भाजी, लिंबाची फोड वाढली आणि तव्यावरून भाकरी थेट तिच्या ताटांत टाकली. तिनें तुकडा मोडला, वाफ वर आली. ती कांहीं बोलली नाहीं. अर्धी भाकरी झाल्यावर ती उठूं लागली आणि म्हणाली, “बाबा, आतां तुम्ही बसा. पुढची मी करतें.” मीं म्हटलें, “नाहीं, तूं बस. तुझ्या घरीं तुला कोण वाढतें?” तिनें उत्तर दिलें नाहीं. खालीं मान घालून ती जेवूं लागली. तिच्या त्या गप्प बसण्यांतून मला पुष्कळ कळलें. ती परत गेली, तेव्हां जांवईबापूंना मीं पत्र लिहिलें. त्यांत उपदेश कांहीं केला नाहीं; भाकरी कशी करावी, एवढेंच सविस्तर लिहिलें.

माझें हिमोग्लोबिन आतां ठीक आहे. त्याचें श्रेय औषधाला किती आणि उसळीला किती, हें मी सांगूं शकत नाहीं. काल रात्रीं काय जेवलों, हें मात्र आतां मला कोणीहि विचारावें.

जे माझ्यासारखे एकटे आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे कीं, त्यांनीं पातेल्यांतून खाऊं नये. ताट घ्यावें, पाट किंवा खुर्ची मांडावी आणि स्वतःला पाहुण्यासारखें वाढावें. आणि ज्यांच्या घरीं अजून भरलीं ताटें मांडलीं जातात, त्यांनीं आज रात्रीं जेवतांना एकदां मान वर करून पाहावें कीं, वाढणारें माणूस कधीं बसतें आणि त्याच्या ताटांत काय पडतें. आठवड्यांतून एक दिवस तरी त्याला आधीं बसवावें. भाकरी फाटेल, जाड होईल, एखादी करपेल; पण ती ऊन असेल.

आतां रात्रीचे नऊ वाजत आले आहेत. परवां सकाळीं ज्यांना उसळ हवी असेल, त्यांनीं मटकी आतांच भिजत घालावी. मीहि त्यासाठींच उठतों.